पिकअपच्या साध्या इंजिनाला टर्बो जोडताना

डेन्व्हरहून पश्चिमेला निघालेला आय-70 महामार्ग रॉकी पर्वत चढत जातो आणि आयझेनहॉवर बोगद्यापाशी सुमारे 3,400 मीटरची उंची गाठतो. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या जेमतेम दोन तृतीयांश उरतो. मागे जड ट्रेलर लावून असा चढ चढणाऱ्या जुन्या डिझेल पिकअपची अवस्था बिकट होते. पॅडल तळापर्यंत दाबलेलं, गिअर खालचा, वेग बैलगाडीचा आणि मागे काळ्या धुराचा लोट. इंजिनात बिघाड काही नसतो. डिझेलही हवं तेवढं मिळत असतं, कमी पडते ती हवा. अशा गाडीला बाहेरून टर्बो जोडण्याची कल्पना मुळात अगदी सरळ आहे. ती कुठे साधते आणि कुठे इंजिन खाते, हे मात्र नीट समजून घ्यायला हवं.

टर्बो काय देतो

सायलेन्सरकडे निघालेल्या गरम धुरात भरपूर ऊर्जा शिल्लक असते. टर्बोत हा धूर एक चाक फिरवतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाचं चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलतं. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यांनी 1905 मध्ये ज्या कल्पनेचं पेटंट घेतलं, तिचं सार हेच.

इथे एक हिशेब करून पाहू. बाहेर 30 अंश तापमान आहे आणि टर्बो अर्धा बार जादा दाब देतो, म्हणजे हवा दीडपट दाबाची झाली. पण दाबलेली हवा तापते. साधारण कार्यक्षमतेचा टर्बो तिला 80 अंशांच्या पुढे नेतो आणि तापलेली हवा विरळ होते. त्यामुळे दीडपट दाबातून प्रत्यक्षात हवा मिळते सव्वापटीच्या थोडी वर. मध्ये इंटरकूलर लावून ती 50 अंशांवर आणली, तर हाच आकडा 1.4 पटीपर्यंत जातो. काट्यावरचा दाब आणि इंजिनाला मिळालेली हवा या दोन गोष्टी एक नव्हेत. टर्बो ताकद देतो असं आपण म्हणतो, पण तो देतो फक्त हवा. ताकद येते त्या हवेत जाळलेल्या जादा इंधनातून, आणि इंजिनावरचा ताणही तिथूनच येतो.

डिझेल आणि पेट्रोल

जुन्या डिझेल इंजिनात हवेला अडवणारी झडप नसते. पॅडल फक्त डिझेलचं प्रमाण ठरवतं. पंपाची सेटिंग न बदलता अशा इंजिनाला टर्बो लावला, तर तेवढंच डिझेल जास्त हवेत जळतं. धूर स्वच्छ होतो आणि धुराचं तापमान उतरतं. उंच घाटात हा फायदा लगेच जाणवतो.

पेट्रोल इंजिनाचं गणित उलटं आहे. हवा वाढवून पेट्रोल तेवढंच ठेवलं, तर मिश्रण पातळ होतं, ज्वलन बेताल होतं आणि नॉकिंग, म्हणजे मिश्रणाचं आपोआप भडकणं, सुरू होतं. नॉकिंग वेळीच आवरलं नाही तर पिस्टन फुटतो. टोयोटानं 1980 च्या दशकाच्या मध्याला आपल्या पिकअपचं 2.4 लिटरचं पेट्रोल इंजिन टर्बोसह विकलं, तेव्हा आधी त्याचा कॉम्प्रेशन रेशो सुमारे 9.4 वरून 7.5 वर आणला. अश्वशक्ती वाढली ती 116 वरून 135 पर्यंत. खुद्द कंपनी एवढी सावध होती. म्हणून पेट्रोल पिकअपला इंजिन न उघडता टर्बो लावायचा असेल तर दाब अगदी बेताचा ठेवावा आणि इंधन व स्पार्कची वेळ नव्यानं जुळवून घ्यावी. ही जुळवणी जमणार नसेल, तर माझ्या मते त्या वाटेला जाऊच नये.

फोर्डची दोन इंजिनं

या विषयातला सर्वांत बोलका धडा फोर्डच्या पिकअपमध्ये सापडतो. इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीनं फोर्डसाठी 6.9 लिटरचं व्ही-8 डिझेल इंजिन बनवलं. ते 1983 च्या मॉडेलपासून आलं आणि 1988 मध्ये त्याचं 7.3 लिटर झालं. दोन्ही बिनटर्बोची होती. त्यांच्यासाठी कॅलिफोर्नियातल्या गेल बँक्स यांच्या कंपनीसारख्यांनी टर्बोचे तयार संच विकले. फोर्डनं स्वतः टर्बो दिला तो 1993 मध्ये.

बाहेरून दोन्ही इंजिनं जुळ्या भावांसारखी दिसतात. फरक आहे हेडच्या बोल्टमध्ये. 6.9 ला सात-सोळांश इंची बोल्ट आहेत, 7.3 ला अर्धा इंची. या इंजिनांत हवा सुमारे 21 पट दाबली जाते. आत शिरणारी हवाच दीडपट दाबाची असली, तर दाबल्यानंतरचा दाबही जवळपास दीडपट होतो आणि तो सगळा हेड उचलू पाहतो. म्हणून 6.9 वर हेड गॅस्केट जाण्याची धास्ती जास्त. 7.3 मध्ये बोल्ट दणकट झाले, पण सिलिंडर रुंद केल्यामुळे भिंती पातळ झाल्या. कूलंटची निगा राखली नाही तर कूलंटमधल्या बुडबुड्यांच्या माऱ्यानं त्या बाहेरून कुरतडल्या जातात. आणि 1993 मध्ये कारखान्यातून टर्बो आला, तेव्हा पिस्टनची पिन जाड केली होती.

त्या जाड पिनीत मला सगळा विषय दिसतो: कारखाना टर्बो देतो तेव्हा आतले भागही मजबूत करतो. बाहेरून टर्बो बसवणाऱ्याच्या इंजिनात मात्र पिन जुनीच असते. म्हणून त्यानं अर्ध्या बारच्या आसपास थांबावं.

आधी तापमानाचा काटा

टर्बो बसवला की पहिला मोह होतो तो डिझेल पंपाचा स्क्रू फिरवण्याचा. थोडं डिझेल वाढवणं रास्तही आहे, नाहीतर जादा हवेचा उपयोग काय? पण किती वाढवायचं हे कानाला कळत नाही. त्यासाठी धुराचं तापमान मोजणारा पायरोमीटर लागतो. त्याचा सेन्सर टर्बोच्या आधी, मॅनिफोल्डमध्ये बसवावा. टर्बोनंतर बसवला तर भर चढावर तो शे-दीडशे अंश कमी दाखवतो आणि चालकाला खोटा धीर देतो. अ‍ॅल्युमिनियमच्या पिस्टनसाठी लांब चढावर 675 ते 700 अंशांच्या खाली राहावं, हा जाणत्यांचा ठोकताळा. काटा वर सरकला तर पाय उचलायचा, गिअर खाली टाकायचा.

पैसे अपुरे असतील तर इंटरकूलर नंतर घ्या, चकचकीत पाइप नंतर घ्या, पण पायरोमीटरशिवाय गाडी रस्त्यावर आणू नका, हे मी हात जोडून सांगेन.

ऑइलची वाट

टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेऊ शकतो आणि तरंगतो ऑइलच्या पातळ थरावर. ऑइल येतं इंजिनाच्या दाबानं, पण परत जातं फक्त उतारानं. म्हणून परतीचा पाइप जाड हवा, सतत खाली उतरता हवा आणि संपमधल्या ऑइलच्या पातळीच्या वर जोडलेला हवा. या पाइपला एक चुकीचा वळसा पडला तरी ऑइल तुंबतं, सीलमधून गळतं आणि निळा धूर येतो. मग दोष नव्या टर्बोला दिला जातो.

चढ संपवून आल्यावर इंजिन लगेच बंद करू नये. दोन मिनिटं आयडलवर ठेवावं, नाहीतर तापलेल्या बेअरिंगमध्ये अडकलेलं ऑइल करपतं.

आपल्याकडे

पुण्यात बनलेली टाटामोबाइल 1988 मध्ये आली, 1991 ची सिएरा तिच्याच भाऊबंदातली. दोन्हींत 1948 सीसीचं बिनटर्बो डिझेल इंजिन होतं, अश्वशक्ती साठीच्या घरात. 1998 च्या सफारीत त्याच क्षमतेच्या इंजिनाला टर्बो होता आणि आकडा नव्वदच्या जवळ गेला. पण ते काम कारखान्याचं होतं.

आपल्या घाटांत उंचीचा प्रश्न रॉकीइतका तीव्र नाही. महाबळेश्वर सुमारे 1,350 मीटरवर आहे, तिथे साधं इंजिन आठवा हिस्सा ताकद गमावतं, एवढंच. आपली जुनी पिकअप ओढत नसेल तर आधी एअर फिल्टर, नोझल आणि कॉम्प्रेशन तपासावं. कॉम्प्रेशन उतरलेल्या इंजिनाला टर्बो लावणं म्हणजे दुखऱ्या गुडघ्यावर पोतं ठेवणं. आजच्या बहुतेक डिझेल पिकअपना टर्बो कंपनीचाच असतो, त्यामुळे हा प्रश्न उरतो तो जुन्या गाड्यांपुरता.

कायद्याकडेही पाहायला हवं. मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. त्यामुळे संच विकत घेण्याआधी आरटीओ कार्यालयात चौकशी करून लेखी उत्तर घ्यावं आणि विमा कंपनीलाही कळवावं.