डॉक्टरच व्हायला हवे का?

नांदेडहून लातूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका तालुक्याच्या गावी माझा दवाखाना आहे. दरवर्षी ‘नीट’चा निकाल लागला की पुढचे दोन-तीन आठवडे माझ्याकडे अठरा-वीस वर्षांची मुले जास्त येऊ लागतात. कुणाचे पोट दुखते, कुणाला चक्कर येते, कुणाच्या छातीत धडधडते. सोबत आई किंवा वडील असतात आणि बोलतातही तेच. मूल खाली मान घालून बसलेले असते.

दोन वर्षांपूर्वी अशीच एक मुलगी आली होती. वडील माझ्या जुन्या ओळखीचे, चार एकर कोरडवाहू रान असलेले शेतकरी. मुलगी दहावीला तालुक्यात पहिली आलेली. बारावीनंतर लातूरला खोली करून राहिलेली. निकाल तिसऱ्यांदा हुकला होता.

“साहेब, पोटात कळ येती म्हणते. जेवण जात नाही. काहीतरी चांगलं औषध द्या. यंदा पुन्हा क्लास लावायचा आहे,” वडील म्हणाले.

मी तपासले. वजन ३८ किलो. डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली तर पांढरीफटक. वडिलांना जरा बाहेर बसवले, आमच्या सिस्टरला आत बोलावले आणि मग विचारले. पाळी चार महिन्यांपासून आलेली नव्हती. झोप रात्री चार तास, तीही तुटक. मेसचा डबा अर्धा परत जायचा. दिवसाला सात-आठ कप चहा. हे सांगताना ती रडली नाही. शेवटी एवढेच म्हणाली, “सर, मी घरी नसते तर बाबांचे पैसे तरी वाचले असते.”

वाचकहो, पंचवीस-तीस वर्षांच्या व्यवसायात काही वाक्ये ऐकून डॉक्टरच्या पोटात गोळा येतो. हे त्यातले एक. आणि मला जास्त टोचले ते वेगळ्याच कारणाने. पहिल्या निकालानंतर हेच वडील माझ्याकडे सल्ल्याला आले होते. तेव्हा मीच म्हणालो होतो, “पोरगी हुशार आहे, अजून एक वर्ष द्या. डॉक्टर होईल.” त्या माझ्या वाक्यावर दोन एकर रान गहाण पडले होते.

लातूर आणि आपण

लातूरने मराठवाड्याला एक मोठी गोष्ट दिली. शेतकऱ्याचे, शिक्षकाचे, हमालाचे मूलही गुणवत्ता यादीत येऊ शकते हे ‘लातूर पॅटर्न’ने दाखवून दिले. त्याचा अभिमान आपल्या सर्वांनाच आहे. पण गणित समजून घ्या. २०२४ साली देशभरातून तेवीस लाखांहून अधिक मुले ‘नीट’ला बसली. सरकारी आणि खासगी मिळून एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्या वर. म्हणजे साधारण वीस मुलांमागे एक जागा. उरलेली एकोणीस मुले मठ्ठ नसतात. जागाच नसतात. तरी आपण गावात त्यांच्याकडे नापास म्हणूनच पाहतो.

ही मुले पुन्हा पुन्हा परीक्षेला बसतात याला एक कारण असे की आरोग्याचे काम म्हणजे डॉक्टर, एवढेच आपल्याला माहीत असते. मलाही बरेच दिवस तसेच वाटत होते. तो समज एका रात्रीत उतरला.

किल्लारीची रात्र

नांदेडचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय १९८८ साली सुरू झाले. मी तिथल्या सुरुवातीच्या विद्यार्थ्यांपैकी एक. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारी आणि सास्तूर परिसरात भूकंप झाला आणि हजारो माणसे गेली. मी तेव्हा इंटर्न होतो. आम्ही काहीजण मदतीसाठी लातूरला गेलो. गळ्यात नवाकोरा स्टेथॅस्कोप आणि अंगात डॉक्टर झाल्याचा ताठा.

दगडामातीच्या ढिगाऱ्याखाली कित्येक तास पाय अडकलेला एक तरुण आमच्याकडे आणला होता. बाहेरून फार जखम नव्हती. बोलत होता, पाणी मागत होता. मी त्याला ‘ठीक’ ठरवून पुढच्या खाटेकडे वळलो. रात्री एका वयस्क सिस्टरने मला हाक मारली. “डॉक्टर, याच्या लघवीचा रंग पाहा.” पिशवीतली लघवी काळ्या चहासारखी होती, आणि अगदी थोडी. चिरडलेल्या स्नायूंतील द्रव्ये रक्तात उतरली की मूत्रपिंडे बंद पडू शकतात, हे मी पुस्तकात वाचले होते. पण पाहिले त्या सिस्टरने. वरिष्ठांना बोलावून सलाईन वाढवले. लॅबवाल्याने रात्रीतच रक्त तपासून दिले. तो तरुण वाचला.

त्या वॉर्डात मी सर्वांत जास्त शिकलेल्यांपैकी होतो आणि कामाला सर्वांत कच्चा. हाड बसल्यावर प्लास्टर कसे घालायचे ते मला प्लास्टर रूममधल्या माणसाने शिकवले. अंधाऱ्या खोलीत फिल्म धुऊन देणारा एक्स-रे टेक्निशियन दोन दिवस झोपला नव्हता. यांपैकी एकही हात नसता तर आमच्या पदव्यांचा काही उपयोग नव्हता.

दारे किती आहेत?

आमच्या वेळी वैद्यकीय परीक्षा तेव्हाच्या औरंगाबादच्या विद्यापीठाकडे होती. १९९८ साली नाशिकला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले. त्याच्या कक्षेत एमबीबीएसबरोबर दंतवैद्यक, आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी, परिचर्या, भौतिकोपचार हे सगळे शिक्षण येते. म्हणजे डॉक्टर आणि नर्स यांच्या पदवीवर एकाच विद्यापीठाचा शिक्का असतो. ही गोष्ट पुष्कळ पालकांना ठाऊक नसते.

बी.एस्सी. नर्सिंग हा चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे, जीएनएम तीन वर्षांचा, एएनएम दोन वर्षांचा. बी.एस्सी. आणि जीएनएमला मुलगेही जातात, वॉर्डात त्यांना ‘ब्रदर’ म्हणतात. फिजिओथेरपीचीही पदवी असते. लकवा मारलेल्या माणसाला पुन्हा चालते करण्याचे काम आहे ते. रक्त-लघवी तपासणी, एक्स-रे, शस्त्रक्रियागृह, रक्तपेढी या कामांसाठी पॅरामेडिकल पदविका आणि पदव्या आहेत. डी.फार्म. दोन वर्षांचे आणि बी.फार्म. चार वर्षांचे.

इथे एक इशारा. गल्लीबोळात ‘पॅरामेडिकल कोर्स’च्या पाट्या लागलेल्या असतात. पैसे भरण्यापूर्वी मान्यता तपासा. पदवीसाठी कॉलेज आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे का, नर्सिंगसाठी महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता आहे का, पास झाल्यावर नोंदणी होते का, हे तीन प्रश्न विचाराच. नोंदणी होत नसेल तर त्या प्रमाणपत्राला सरकारी नोकरीत किंमत नाही. प्रवेशाचे नियमही बदलत असतात, ते त्या त्या वर्षीचे पाहावेत.

‘नर्सच का?’ असे नाक मुरडून विचारणाऱ्यांना मी केरळकडे बोट दाखवतो. तिथल्या खेड्यांतल्या मुली हे शिक्षण घेऊन मुंबईपासून आखातापर्यंत पोहोचल्या आणि त्यांनी घरे उभी केली. आणि आपल्याकडे? पाच हजार लोकवस्तीला एक उपकेंद्र आणि तीस हजारांना एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असे सरकारी माप आहे. उपकेंद्रात डॉक्टर रोज भेटेलच असे नाही. लस देणारी, गरोदर बाईचे रक्तदाब-वजन पाहणारी तिथली एएनएम असते, आणि २००५ नंतर तिच्या जोडीला गावातली आशाताई आली. गावाचे आरोग्य खऱ्या अर्थाने त्यांच्याच हातात आहे.

पालकांसाठी चार शब्द

पुन्हा परीक्षा देऊ नये असे मी म्हणत नाही. गुण थोडक्यात हुकले असतील, मुलाची स्वतःची इच्छा असेल आणि प्रकृती धड असेल तर जरूर बसू द्या. पण वर्षभर त्याच्या गुणांइतकेच त्याच्या तब्येतीकडे पाहा. या वयात सात-आठ तास झोप लागते. झोपेतच वाचलेले डोक्यात पक्के बसते. जेवणाबरोबर चहा नको, त्याने अन्नातील लोह अंगी लागत नाही. शेंगदाणे-गूळ, मेथी, डाळ, वर लिंबू, एवढे डब्यात असले तरी पुष्कळ. मूल बोलेनासे झाले, जेवण तुटले, मुलीची पाळी थांबली किंवा ‘मी नसतो तर बरे झाले असते’ असे काही बोलले, तर ते नाटक समजू नका. त्याला एकटे ठेवू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. ‘टेलिमानस’ ही सरकारी फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत आहे, मराठीतही बोलता येते.

आणि ती मुलगी?

त्या दिवशी मी वडिलांना आत बोलावले आणि म्हणालो, “पाटील, त्या वेळी मी तुम्हाला अर्धाच सल्ला दिला. चूक माझी. आधी पोरगी बरी होऊ द्या.” ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “नर्स झाली तर पाहुणेरावळे काय म्हणतील?” मी म्हटले, “पाहुणे आजारी पडले की सांगतील काय ते.” ते हसले नाहीत. उठून गेले.

लोहाच्या गोळ्या, मानसोपचारतज्ज्ञांकडे काही फेऱ्या, घरचे जेवण, यात सहा-सात महिने गेले. वजन चढले, पाळी सुरू झाली. पुढच्या वर्षी तिने स्वतःच बी.एस्सी. नर्सिंगचा अर्ज भरला. गेल्या दिवाळीत सुट्टीला आली तेव्हा तिने ओसरीवर आजीचा रक्तदाब मोजला. ते पाहून शेजारची चुलती बसली. तिचा वरचा आकडा १८० निघाला. तिला काहीच त्रास होत नव्हता, म्हणून तोवर कुणी तपासलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी मुलगी तिला घेऊन माझ्याकडे आली. चुलतीच्या गोळ्या आता नियमित चालू आहेत.

वडील अजूनही कुणी विचारले की “शिकायला आहे लातूरला” एवढेच सांगतात. रान अजून सुटलेले नाही. पण परवा ते स्वतःचा रक्तदाब दाखवायला आले आणि खिशातून घडी केलेला कागद काढला. त्यावर आठवडाभराचे आकडे तारीखवार लिहिलेले होते. अक्षर मुलीचे होते.