आंबील, ताक आणि शरीरातील दाह

वैशाखात शिरूर-दौंडकडच्या घरी कोणी उन्हातून आला, तर त्याच्यापुढे ताक किंवा आंबील ठेवतात आणि म्हणतात, "घ्या, पोटाला थंड असते." या 'थंड' शब्दात शास्त्राच्या दृष्टीने कितपत अर्थ आहे, तेवढेच येथे पाहावयाचे आहे.

आरंभी एक गैरसमज दूर केला पाहिजे. प्रतिकारशक्ती जितकी अधिक तितकी बरी, असे आपण धरून चालतो. विळ्याने बोट कापले की ते लाल होते, सुजते, ठणकते. हा दाह होय; जंतूंशी लढणाऱ्या पेशी तेथे धावून आल्याची ती खूण. पण स्वयंपाक झाल्यावर चूल विझली पाहिजे. ती आत धुमसत राहिली, तर मधुमेह, हृदयविकार, संधिवात यांसारख्या रोगांना सरपण मिळते. म्हणून वेळेवर पेटते आणि वेळेवर विझते, ती प्रतिकारशक्ती उत्तम.

या शक्तीचे मोठे ठाणे आपल्या आतड्याभोवती आहे. मोठ्या आतड्यात असंख्य सूक्ष्म जीव नांदतात. भाकरीतला जो चोथा आपल्याला पचत नाही, तो ते आंबवतात. त्यातून ब्युटिरिक आम्ल तयार होते. ते आतड्याच्या अस्तराला पोसते आणि दाह आवरणाऱ्या पेशींना बळ देते.

आंबट दुधाचा आणि दीर्घायुष्याचा संबंध मेचनिकॉफ या शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी सुचविला. त्याला १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र ते दह्यासाठी नव्हे, तर जंतू गिळणाऱ्या पेशींच्या शोधासाठी! पुढे २०२१ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचा प्रयोग प्रसिद्ध झाला. छत्तीस निरोगी माणसांपैकी निम्म्यांनी दहा आठवडे आंबवलेले पदार्थ वाढवून खाल्ले. त्यांच्या आतड्यातील जीवांचे वैविध्य वाढले आणि रक्तातील दाहाशी निगडित एकोणीस प्रथिने घटली. नुसता चोथा वाढवणाऱ्यांत तशी घट दिसली नाही. पण प्रयोग लहान होता. आणि त्यात मोजली ती प्रथिने, बरे झालेले रोग नव्हेत, हे विसरता कामा नये.

आता पॉलिफिनॉल. वनस्पती स्वतःच्या संरक्षणासाठी ही द्रव्ये तयार करते. ज्वारी-बाजरीचा कोंडा, लाल कांदा, डाळिंब, काळी द्राक्षे यांत ती असतात. त्यांचा बराच भाग न शोषता मोठ्या आतड्यात उतरतो आणि तेथील जीव त्यांची नवी द्रव्ये बनवतात. डाळिंबापासून होणारे युरोलिथिन हे त्यांपैकी एक. पण ते बनविणारे जीव प्रत्येकाच्या पोटात नसतात. म्हणून एकाच डाळिंबाचे दोन भावांना दोन गुण येऊ शकतात.

मग घरी काय करावे? आंबील उकळली की तिच्यातील जीव मरतात. आंबण्यामुळे धान्यातील लोह अधिक मिळू लागते, हा लाभ मात्र उरतो. ती निवल्यावर ताजे ताक घालावे, म्हणजे जिवंत जीवही पोटात जातील. इडली-ढोकळ्याचेही तसेच, वाफेत जीव उरत नाहीत. पिठाचा कोंडा चाळून टाकू नये. जेवणाबरोबर चहा घेऊ नये, कारण चहातील पॉलिफिनॉल लोह अडवतात. अंगात रक्त कमी असलेल्या बायकांनी हे विशेष जपावे. आणि ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी किंवा आजाराने खालावली आहे, त्यांनी असे पदार्थ डॉक्टरांना विचारूनच घ्यावेत.

ताक हे औषध नव्हे, आणि चालू असलेल्या औषधाच्या जागी तर मुळीच नव्हे. ते रोजचे अन्न आहे. आजीचा 'थंड' हा शब्द काही रक्ताच्या परीक्षेतून आला नव्हता. पण त्याची परीक्षा घ्यावी एवढा आधार आज मिळाला आहे. तोपर्यंत विरजण मोडू देऊ नये, हे बरे.