निकेल व तांब्याच्या सल्फाइड साठ्यांचा शोध

अगंज पोलादाला निकेल लागते, विजेच्या तारांना तांबे लागते आणि विजेवर चालणाऱ्या वाहनांच्या घटमालांना दोन्ही धातू लागतात. केंद्र सरकारने 2023 साली जाहीर केलेल्या 30 महत्त्वपूर्ण खनिजांच्या यादीत या दोघांचाही समावेश आहे.

निकेल मुख्यतः दोन प्रकारच्या साठ्यांतून मिळते. उष्ण व दमट हवामानात खडक कुजून बनलेला जांभा हा पहिला प्रकार होय. ओडिशातील सुकिंदा खोऱ्यातील निकेल या प्रकारचे आहे. दुसरा प्रकार सल्फाइड धातुकाचा. तो शोधणे अवघड असते. परंतु त्यातील धातुयुक्त कण वेगळे काढणे तुलनेने सोपे असून निकेलसोबत तांबे आणि कोबाल्टही हाती येते.

साठा कसा बनतो?

पृथ्वीच्या प्रावरणातून वर येणाऱ्या शिलारसात निकेल व तांबे अल्प प्रमाणात विखुरलेले असतात. वाटेतील खडकांतून त्याला पुरेसे गंधक मिळाले, की पाण्यातून तेल वेगळे व्हावे त्याप्रमाणे सल्फाइडाचे थेंब त्यातून वेगळे होतात. हे थेंब भोवतीच्या रसातील निकेल व तांबे शोषून घेतात आणि जड असल्याने, शिलारसाचा मार्ग जेथे रुंदावतो व वेग मंदावतो, तेथे साचतात. पायरोटाइट, पेंटलँडाइट व कॅल्कोपायराइट ही या साठ्यांतील प्रमुख खनिजे होत.

शोधाची पद्धत

सल्फाइड उघड्यावर आले की गंजते आणि खडकावर तांबूस-तपकिरी आवरण दिसू लागते. भूवैज्ञानिक प्रथम अशा खुणांचे नकाशे तयार करतात आणि माती व ओढ्यांतील गाळाचे नमुने तपासतात. त्यानंतर चुंबकीय व विद्युतचुंबकीय सर्वेक्षण होते. भरीव सल्फाइड हे विजेचे उत्तम वाहक असल्याने विमानातून किंवा जमिनीवरून त्याचा संकेत मिळू शकतो. मात्र ग्रॅफाइटही असाच संकेत देते. म्हणून अखेरचा निर्णय वेधनानेच होतो. वेधनछिद्रातून काढलेल्या खडकाच्या दंडगोलांचे रासायनिक पृथक्करण केल्यावरच धातूचे प्रमाण निश्चित होते.

लॅब्राडॉरचा धडा

कॅनडातील लॅब्राडॉरच्या किनाऱ्यावर 1993 साली हिऱ्यांच्या मागावर असलेल्या दोन शोधकांना एका टेकडीवर गंजलेला खडक दिसला. 1994 मध्ये वेधनास प्रारंभ झाला आणि व्हॉइझीज बे येथील साठा उघडकीस आला. त्याच्या उथळ भागात सुमारे 3 कोटी टन धातुक असून त्यात निकेल सुमारे 2.8 टक्के व तांबे 1.7 टक्के होते. पुढे शिलारसाच्या जुन्या मार्गाचा माग काढत गेल्यावर अधिक खोलीवरील साठेही सापडले.

साठा सापडला तरी खाण लगेच सुरू झाली नाही. ही भूमी इन्नू व इन्युइट लोकांची होती. त्यांच्याशी रोजगार व लाभांविषयीचे करार 2002 साली पूर्ण झाले. धातुकावरील प्रक्रिया आपल्याच प्रांतात व्हावी, असा आग्रह प्रांतिक सरकारने धरला. उत्पादन 2005 मध्ये सुरू झाले आणि लाँग हार्बर येथील धातुशुद्धी कारखाना 2014 मध्ये कार्यान्वित झाला.

दख्खनचा प्रश्न

सायबेरियातील नोरिल्स्कचे प्रचंड साठे सुमारे 25 कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखी उद्रेकांशी निगडित आहेत. महाराष्ट्राचा बहुतांश भागही सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या अशाच लाव्हाथरांनी व्यापला आहे. तरीही येथे नोरिल्स्कसारखा साठा आजवर आढळलेला नाही. नोरिल्स्कच्या शिलारसाला वाटेतील गंधकयुक्त थर भेटले होते. केवळ विपुल लाव्हा पुरेसा नसतो. गंधकाचा पुरवठा आणि सल्फाइड साचण्याजोगा मार्ग, दोन्ही जुळून यावे लागतात. त्यामुळे दख्खनमधील शोधात पृष्ठभागावरील काळ्या कातळापेक्षा त्याच्या तळाशी दडलेल्या शिलारसाच्या वाटा अधिक मोलाच्या ठरतात.