मैदान कुठं पळून जात नाही

दहावी झाली की आपल्या घरांत प्रश्न निघतो, खेळ की शिक्षण? कॉलेजात शिकवताना मी अशा पालकांना केल मकारची गोष्ट सांगतो. आपली हॉकी मातीवरची, त्याची बर्फावरची. कॅनडातल्या कॅलगरीच्या या मुलाला २०१७ साली कोलोरॅडो अ‍ॅव्हलांच या व्यावसायिक संघानं निवडलं, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. तरी तो आधी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात गेला आणि दोन वर्षं कॉलेजच्या संघातून खेळला. एप्रिल २०१९ मध्ये कॉलेज स्पर्धेचा अंतिम सामना तो हरला. दोनच दिवसांनी व्यावसायिक पदार्पण, तेही कॅलगरीच्याच संघाविरुद्ध; त्यात त्यानं गोल केला! २०२२ मध्ये स्टॅन्ले चषकही जिंकला. निवड झाली म्हणून लगेच कॉलेज सोडायची घाई कशाला? त्या दोन वर्षांत खेळाडू पिकतो.