आत्ययिक अवस्था आणि चिकित्सालयातील पहिली पाच मिनिटे

२०१९ च्या भाद्रपदातील एका दुपारी, गवत कापताना गांधीलमाशी चावलेला एक पस्तिशीतील शेतकरी माझ्या चिकित्सालयात आपल्या पायांनी चालत आला. मानेवर दंश, सर्वांगावर गांधी, ओठांना सूज. शीतपित्त-उदर्दाचे रुग्ण आपण नित्य पाहतो. त्याच सवयीने मी अ‍ॅलर्जीविरोधी इंजेक्शन दिले, जोडीला स्टेरॉइड दिले, त्याला बाकावर बसविले आणि पुढील रुग्णाची नाडी पाहू लागलो. थोड्याच वेळात त्याचा आवाज घोगरा झाला, श्वासाची घुरघुर ऐकू येऊ लागली आणि उठू जाताच तो कोसळला. अ‍ॅड्रेनॅलिनची कुपी कपाटात होती. ती सापडली तेव्हा तिची मुदत उलटून गेलेली होती. शेजाऱ्याच्या जीपमधून त्यास ग्रामीण रुग्णालयात नेले आणि तो वाचला. यात माझे श्रेय काहीही नाही.

चरकाचार्यांनी विषचिकित्सेच्या चोवीस उपक्रमांत हृदयावरणाचा समावेश केला आहे. प्राणायतनांचे रक्षण आधी, ही दृष्टी आपल्याला परकी नाही. या अवस्थेत ते कार्य आज अ‍ॅड्रेनॅलिन करते. त्याने आकुंचित श्वासमार्ग मोकळा होतो, कंठाची सूज उतरते आणि खालावलेला रक्तदाब सावरतो. अ‍ॅलर्जीविरोधी औषध कंडू व गांधी शमविते, प्राण वाचवीत नाही. स्टेरॉइडचा परिणाम दिसण्यास तर काही तास लागतात. माझी चूक औषधांच्या निवडीपेक्षाही त्यांच्या क्रमात होती. दंश, इंजेक्शन वा अन्न यांनंतर काही मिनिटांत त्वचेच्या लक्षणांसोबत श्वासकष्ट, घोगरेपणा, भोवळ किंवा वारंवार वमन दिसल्यास थांबू नये. काही रुग्णांत गांधी उठतच नाहीत, हेही ध्यानी असावे.

त्यानंतर आमच्या तालुक्यातील आम्ही काही वैद्य एका भूलतज्ज्ञांकडे शिकण्यास बसलो. एक मिलिलिटरमध्ये एक मिलिग्रॅम असलेल्या कुपीतून प्रौढास अर्धा मिलिलिटर. बालकास दर किलो वजनामागे ०.०१ मिलिलिटर, पण ०.३ हून अधिक नाही. मांडीच्या मध्यभागी, बाहेरील बाजूच्या स्नायूत, प्रसंगी कपड्यांवरूनही. शिरेत कदापि नाही. उतार न पडल्यास पाच मिनिटांनी पुन्हा. रुग्णास आडवे करून पाय उंच ठेवावेत, धाप असेल तर बसू द्यावे. मात्र उभे करू नये, चालवू नये. १०८ ला दूरध्वनी दुसऱ्या कोणी त्याच वेळी करावा. बरे वाटले तरी रुग्ण रुग्णालयात गेलाच पाहिजे, कारण काही तासांनी लक्षणे उलटून येऊ शकतात.

आमच्यातील एकाने इन्सुलिनची सिरिंज पुढे केली. तिची सुई स्नायूपर्यंत पोहोचत नाही आणि तिच्यावरील खुणा युनिटच्या असतात. घाईत मात्रा चुकते. एक मिलिलिटरची साधी सिरिंज आणि लांब सुई कुपीसोबत एकाच डब्यात हवी. द्रव गुलाबी वा तपकिरी दिसल्यास कुपी टाकून द्यावी. ज्यांना आपल्या राज्याच्या नियमांनुसार हे इंजेक्शन देण्याचा अधिकार नाही, त्यांनी ते देऊ शकणारे जवळचे ठिकाण आजच निश्चित करावे.

फार्मसीचालक बंधूंनी हा विषय केवळ वैद्यांचा समजू नये. इसबगोलाची धूळ वर्षानुवर्षे श्वासावाटे घेतलेल्या कामगारास पुढे इसबगोल पोटात घेताच तीव्र प्रतिक्रिया आल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत. तीळ आणि रॉयल जेली यांनीही तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते. चाळणीवरील कामगारास शिंका, डोळ्यांची खाज असा त्रास सुरू झाल्यास त्यास ‘धुळीचा आहे, जाईल’ असे सांगणे सोपे असते. त्याचे काम बदलावे आणि मुखपट्टी सर्वांनाच द्यावी. जलौकावचरणापूर्वी व बस्तीपूर्वी पूर्वीच्या प्रतिक्रियांची पृच्छा केसपेपरवर लिहूनच करावी. तोंडी उत्तर विसरले जाते.

आम्ही दर तीन महिन्यांनी संत्र्यावर पाणी टोचून सराव करतो, घड्याळ लावून. माझ्या मदतनीस बाई डबा उघडण्यापासून टोचण्यापर्यंत पन्नास सेकंद घेतात. त्या रजेवर असताना मी एकट्याने केले, तेव्हा तीन मिनिटे लागली. डबा त्यांनी कोठे हलविला हे मला ठाऊक नव्हते. आता तो दाराजवळ, लाल रंगाचा, खिळ्याला टांगलेला असतो.