पहिली दुर्बीण घेताना : मोठ्या आकड्यांपेक्षा साधी द्विनेत्री भरवशाची

आकाशदर्शनाची गोडी लागली की पहिला विचार येतो तो दुर्बीण विकत घेण्याचा. मात्र ‘शेकडो पट मोठे दाखवणारी’ अशी जाहिरात पाहून घेतलेली स्वस्त एकनळी दुर्बीण हलत्या, धूसर प्रतिमेमुळे बहुधा काही दिवसांतच माळ्यावर जाते. माफक किमतीची द्विनेत्री मात्र रात्री तारे आणि दिवसा पक्षी दाखवत वर्षानुवर्षे उपयोगी पडते. अट एवढीच की तिच्यावरील आकडे वाचता आले पाहिजेत.

द्विनेत्रीवर ७×५०, ८×४२ किंवा १०×५० असे आकडे असतात. पहिला आकडा प्रतिमा किती पट मोठी दिसेल ते सांगतो, तर दुसरा पुढील भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये दर्शवतो. दुसऱ्याला पहिल्याने भागले असता डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते. १०×५० मध्ये ती ५ मिलिमीटर, तर ७×५० मध्ये सुमारे ७ मिलिमीटर असते. अंधारात तरुण डोळ्याची बाहुली साधारण ७ मिलिमीटरपर्यंत विस्फारते. वयोमानानुसार ही क्षमता घटते. त्यामुळे उतारवयात ७×५० मधील काही प्रकाश वायाच जातो. रात्रीसाठी १०×५० आणि पक्षीनिरीक्षणासह दोन्ही उपयोगांसाठी तुलनेने हलकी ८×४२ ही निवड म्हणूनच योग्य ठरते.

वर्धन दहापटींहून अधिक असल्यास हाताचा कंपही तेवढाच मोठा दिसतो आणि तिपाईशिवाय पाहणे कठीण होते. कमी किमतीत सरळ नळ्यांपेक्षा खांद्यासारख्या बाहेर आलेल्या, पोरो लोलकाच्या द्विनेत्री सहसा सरस ठरतात. कारण सरळ रचनेतील लोलक अधिक काटेकोरपणे घडवावे लागतात.

दुकानात दोन परीक्षा अवश्य कराव्यात. द्विनेत्री डोळ्यांपासून हातभर दूर धरून उजळ भिंतीकडे रोखावी. नेत्रिकेतील प्रकाशाची चकती पूर्ण गोल दिसावी. तिच्या कडा करड्या व चौकोनी दिसल्यास लोलक हलक्या प्रतीचे समजावेत. त्यानंतर दूरची एखादी खूण पाहावी. ती दुहेरी दिसल्यास किंवा डोळ्यांवर ताण आल्यास दोन्ही नळ्या समांतर नाहीत, असे समजावे.

१०×५० मधून चंद्रावरील विवरे, कृत्तिकांचा तारकापुंज, मृग नक्षत्रातील तेजोमेघ आणि सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूरची देवयानी दीर्घिका दिसू शकते. गॅलिलिओने १६१० मध्ये शोधलेले गुरूचे चार उपग्रहही हात स्थिर ठेवल्यास ठिपक्यांसारखे दिसतात. शनीची कडी मात्र तिच्यातून वेगळी दिसत नाहीत. तशी अपेक्षा ठेवू नये.

भिंगाइतकेच महत्त्व अंधाराला आहे. लडाखमधील हानले किंवा महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्प ही ठिकाणे काळोख्या आकाशासाठी जतन केली जात आहेत. तेथे जाणे शक्य नसल्यास शहराच्या दिव्यांपासून दूर, अमावास्येच्या आसपासची रात्र निवडावी आणि डोळ्यांना अंधाराची सवय होण्यासाठी किमान २० मिनिटे द्यावीत.

द्विनेत्रीतून सूर्याकडे कदापि पाहू नये. एका क्षणात दृष्टी कायमची जाऊ शकते. मुलांच्या हाती ती देण्यापूर्वी पहिला धडा हाच असावा.