कार्यप्रणालीचे अद्ययावतीकरण आणि सामायिक फाईल्सच्या अडचणी : कारणे व उपाय

प्रस्तावना :

महाविद्यालयाच्या दैनंदिन कामकाजात संगणकांच्या अंतर्गत जाळ्याला महत्त्वाचे स्थान प्राप्त झाले आहे. छत्रपती संभाजीनगर शहराच्या गारखेडा परिसरातील एखाद्या महाविद्यालयाचे उदाहरण घेतले, तर प्रवेशाच्या याद्या, अंतर्गत गुणांचे तक्ते, वेतनदेयके व नॅक मूल्यांकनाची कागदपत्रे कार्यालयातील एखाद्या संगणकावर ठेवून ती विभागांना सामायिक फोल्डरद्वारे उपलब्ध करून देणे ही सोयीची व कमी खर्चाची पद्धत ठरते. मात्र विंडोज या कार्यप्रणालीचे अद्ययावतीकरण झाल्यावर काल उघडणारा फोल्डर आज उघडत नाही, असा अनुभव अनेक ठिकाणी येतो. गुण भरण्याची मुदत जवळ आली असता ही अडचण गंभीर रूप धारण करते. ती का उद्भवते व तिच्यावर सुरक्षित उपाय कोणते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

फाईल सामायिक होण्याची प्रक्रिया :

दोन संगणकांना परस्परांच्या फाईल्स वापरावयाच्या असतील तर त्यांच्यात संवादाचे समान नियम असावे लागतात. या नियमांना प्रोटोकॉल म्हणतात. विंडोजमध्ये यासाठी एसएमबी हा प्रोटोकॉल वापरला जातो. त्याची मूळ रचना १९८० च्या दशकाच्या प्रारंभी आयबीएम कंपनीत झाली. पुढे विंडोज व्हिस्टाबरोबर एसएमबी-२ आणि २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर एसएमबी-३ ही आवृत्ती आली. विंडोज एक्सपीला मात्र केवळ एसएमबी-१ हीच आवृत्ती समजते. जुन्या आवृत्तीत सांकेतिकीकरणाची सोय नव्हती. ती एसएमबी-३ मध्ये उपलब्ध झाली.

न्हावा शेवा येथील घटना :

जुना प्रोटोकॉल बंद करण्यामागील कारण २०१७ च्या घटनांवरून स्पष्ट होते. एसएमबी-१ मधील गंभीर दोष दूर करणारी सुधारणा मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी प्रसिद्ध केली. ज्या संगणकांवर ती बसविली गेली नव्हती, त्यांत १२ मे रोजी 'वॉनाक्राय' हा खंडणीखोर विषाणू वेगाने पसरला. २७ जून रोजी 'नॉटपेट्या' या विषाणूचा हल्ला झाला. त्यात मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा कोलमडली आणि तिच्या समूहातर्फे चालविल्या जाणाऱ्या, रायगड जिल्ह्यातील जवाहरलाल नेहरू बंदरातील टर्मिनलचे कामकाज विस्कळीत झाले. कंपनीला सुमारे ४५,००० संगणक व ४,००० सर्व्हर नव्याने उभारावे लागले, असे तिच्या अध्यक्षांनी २०१८ मध्ये सांगितले.

या घटनेचा दुसरा पैलूही लक्षात घेण्याजोगा आहे. नॉटपेट्या प्रथम युक्रेनमधील एका लेखा-सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून शिरला आणि नंतर संगणकातून मिळविलेल्या पासवर्डच्या साहाय्याने सुधारणा बसविलेल्या संगणकांवरही पसरला. म्हणजेच अद्ययावतीकरण आवश्यक असले तरी तेवढ्याने सुरक्षितता पूर्ण होत नाही. खाती व अधिकार यांची शिस्तही तितकीच आवश्यक ठरते.

अडचणींची प्रमुख कारणे :

१) जुना प्रोटोकॉल वगळला जाणे : ऑक्टोबर २०१७ मधील विंडोज १० च्या १७०९ या आवृत्तीपासून एसएमबी-१ टप्प्याटप्प्याने दूर करण्यात आला. होम व प्रो प्रकारांत अपग्रेडनंतर तो पंधरा दिवस वापरला गेला नाही, तर आपोआप काढून टाकला जातो. त्यामुळे बिघाड अपडेटच्या दिवशी न दिसता काही दिवसांनी प्रकट होतो व खरे कारण लक्षात येत नाही.

२) अतिथी प्रवेशावर बंधन : पासवर्ड न ठेवता सर्वांना फोल्डर खुला करण्याची प्रथा अनेक कार्यालयांत रूढ झाली. विंडोज ११ च्या २०२४ मधील २४एच२ आवृत्तीत प्रो प्रकारातही असा प्रवेश डीफॉल्टने बंद झाला. तसेच प्रत्येक संदेशावर डिजिटल स्वाक्षरी अनिवार्य झाली. अतिथी प्रवेशात पासवर्ड नसल्याने स्वाक्षरीस लागणारी किल्ली तयार होत नाही व जोडणी नाकारली जाते.

३) जाळ्याचा प्रकार बदलणे : अपडेटनंतर कार्यालयातील जाळे 'प्रायव्हेट'ऐवजी 'पब्लिक' म्हणून नोंदले गेले, तर फायरवॉल फाईल्सची देवाणघेवाण रोखते.

४) संगणकांची यादी न दिसणे : 'नेटवर्क' या खिडकीतील जुनी यादी एसएमबी-१ वर अवलंबून होती. त्यामुळे यादीत नाव दिसले नाही तरी फोल्डर उपलब्ध असू शकतो. २०१८ मधील १८०३ या आवृत्तीत होमग्रुपची सुविधाही काढण्यात आली. तथापि त्याद्वारे सामायिक केलेले फोल्डर कायम राहिले.

निदानाचा क्रम :

अडचण दूर करताना एका वेळी एकच गोष्ट तपासणे इष्ट होय. प्रथम दोन्ही संगणक एकाच जाळ्यात आहेत याची खात्री करावी. एक तारेने व दुसरा विद्यार्थ्यांसाठीच्या वाय-फायने जोडलेला असेल तर मार्गच वेगळा पडतो. त्यानंतर यादीवर विसंबून न राहता संगणकाचा आयपी पत्ता थेट टाइप करून पाहावे. पत्त्याने फोल्डर उघडला आणि नावाने उघडला नाही, तर दोष नाव ओळखण्याच्या व्यवस्थेत आहे.

संदेशाचे स्वरूपही मार्गदर्शक ठरते. 'मार्ग सापडत नाही' या अर्थाचा संदेश बहुधा जाळे, फायरवॉल वा प्रोटोकॉल यांकडे निर्देश करतो. 'प्रवेश नाकारला' हा संदेश खाते व परवानगी यांकडे. परवानगीचे दोन स्तर असतात : सामायिकीकरणाची आणि फोल्डरची स्वतःची. दोहोंपैकी जी अधिक कडक असेल तीच लागू होते. शिवाय संगणक सुरू करण्याचा पिन जाळ्यावरील प्रवेशास चालत नाही. तेथे खात्याचा पासवर्डच द्यावा लागतो.

तात्पुरत्या उपायांचे धोके :

घाईत फायरवॉल बंद करणे, 'एव्हरीवन' या गटाला पूर्ण अधिकार देणे, एसएमबी-१ पुन्हा सुरू करणे किंवा अपडेटच थांबविणे हे उपाय केले जातात. त्यांनी फोल्डर उघडतो, हे खरे. परंतु त्याबरोबर विद्यार्थ्यांचे गुण व वैयक्तिक माहितीही उघडी पडते. पूर्ण अधिकार दिलेल्या फोल्डरमध्ये एका विभागाच्या संगणकातील विषाणू सर्व विभागांच्या फाईल्स निकामी करू शकतो.

याऐवजी प्रत्येक विभागासाठी पासवर्डसह स्वतंत्र खाते असावे व आवश्यक तेवढाच अधिकार द्यावा. एखादे जुने यंत्र केवळ एसएमबी-१ वरच चालत असेल तर ते बदलावे. ते शक्य नसल्यास मुख्य जाळ्यापासून वेगळे ठेवावे. अपडेट प्रथम एका संगणकावर तपासून नंतर इतरत्र द्यावे आणि परीक्षा वा प्रवेशाच्या ऐन काळात आवृत्ती बदलणे टाळावे; सुरक्षाविषयक सुधारणा मात्र लांबवू नयेत. विंडोज १० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले असल्याने आवृत्ती बदलणे अपरिहार्य झाले आहे. महत्त्वाच्या फाईल्सची एक प्रत जाळ्यापासून अलग ठेवलेल्या डिस्कवर असणे हा या साऱ्याचा पाया होय.

समारोप :

अपडेटनंतर बंद पडलेला फोल्डर हा पुष्कळदा नव्या आवृत्तीचा दोष नसून जुन्या सवयींचा परिणाम असतो. पासवर्डविना खुले असलेले दार अपडेट बंद करते, म्हणून ते प्रथम अडथळा वाटते. ते पूर्ववत उघडे करण्याऐवजी कोणाला कोणत्या फाईलची गरज आहे, हे महाविद्यालयाने निश्चित केल्यास सोय व सुरक्षितता या दोहोंचा मेळ घालता येतो. हा निर्णय केवळ संगणक-तंत्रज्ञावर सोपवून चालणार नाही. ज्या प्राध्यापकांच्या व विभागांच्या नोंदी त्या फोल्डरमध्ये आहेत, त्यांचाही त्यात सहभाग असणे आवश्यक आहे.